भाताच्या खळीनं चिकटवलेली चिठ्ठी

डावं कुठलं आणि उजवं कुठलं, हे ठरवायला मला आजही क्षणभर थांबावं लागतं. लहानपणी लाखनीला आमच्या दारात कोणी रस्ता विचारायला आलं की आई मला आत पिटाळायची. एकदा साकोलीला निघालेल्या एका भल्या माणसाला मी भंडाऱ्याच्या दिशेनं धाडलं होतं, आणि तो संध्याकाळी परत येऊन आमच्या ओसरीवर बसून आईला बरंच काही बोलून गेला होता. अशा मुलीला पुढे गणिताची पदवी मिळाली, आणि त्या पदवीवर एका कारखान्याच्या कॉम्प्युटर रूममध्ये नोकरी मिळाली. यात चूक कोणाची ते मला माहीत नाही. मी फक्त अर्ज केला होता.

हे ऐंशीच्या दशकाच्या मध्याचं. भंडाऱ्याहून तुमसरकडे जाताना रस्त्याच्या कडेला तो कारखाना होता, आता नाही. मी भंडाऱ्यात खोली घेऊन राहायची आणि रोज सकाळी लाल गाडीनं जायची. कारखान्यात लोखंडाच्या भट्ट्या होत्या, आणि त्या भट्ट्यांपासून लांब, काचेच्या दाराआड, तीन कपाटांएवढा एक कॉम्प्युटर होता. त्याच्यासाठी एसी होता. माणसांसाठी नव्हता, म्हणून उन्हाळ्यात कॉम्प्युटर रूममध्ये काम काढून येणाऱ्यांची संख्या अचानक वाढायची.

कॉम्प्युटरची मुख्य कामं दोन. भट्ट्यांचं तापमान वाचून आकडे साठवायचे, आणि लांबरुंद कागदावर ते छापायचे. त्याच्या पोटात एक मुख्य प्रोग्राम होता, त्याला कर्नेल म्हणतात. बाकीचे प्रोग्राम काम मागत यायचे, आणि कोणी आधी, कोणी नंतर, कोणी नुसतं थांबायचं, हे कर्नेल ठरवायचा. तुमसरच्या धान बाजारात काट्यापाशी एक माणूस उभा असतो आणि कोणाची पोती आधी चढवायची ते सांगतो, तसा. दोघांनी एकदम पोती टाकू नयेत म्हणून कर्नेल कुलूप लावायचा. खरं कुलूप नाही. एका ठरावीक जागी शून्य असेल तर मोकळं, एक असेल तर बंद. ज्यानं बंद केलं त्यानं आपलं काम झालं की उघडायचं. एवढंच.

पण आमचा कर्नेल दोन-तीन दिवसांतून एकदा उभा राहायचा. म्हणजे दिवे लागलेले, पंखे फिरताहेत, आणि काम मात्र कोणाचंच होत नाही. सगळे एकमेकांच्या कुलपाची वाट पाहत बसलेले. छपाई यंत्र शब्दाच्या मध्यावर थांबायचं. मग कोणीतरी वही घेऊन भट्ट्यांकडे पळायचं आणि तापमापकाच्या काट्यावरचे आकडे डोळ्यांनी पाहून लिहून आणायचं. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं की ते काहीच झालं नाही अशा थाटात कामाला लागायचं. मला त्याचा फार राग यायचा.

या यंत्राला ताळ्यावर ठेवणारे एक गृहस्थ होते. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे, मी काकाजी म्हणायची. तुमसरचे. तरुणपणी तिथल्या राइस मिलमध्ये मोटारी दुरुस्त करायचे, मग कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागले, आणि कॉम्प्युटर आला तेव्हा तीन महिने मुंबईला शिकून आले. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पण त्या कर्नेलमध्ये कुठल्या ओळीनंतर कुठली ओळ आहे हे त्यांना न पाहता सांगता यायचं. आपल्या हातावर त्यांचा पूर्ण भरवसा होता. स्क्रू पिळल्यावर तो पुन्हा पिळून पाहायचे नाहीत. 'एकडाव बसवला तं बसला' म्हणायचे आणि उठायचे.

कर्नेल ज्या टेपवर आला होता तिला दुसऱ्याच पावसाळ्यात बुरशी लागली होती, आणि विकणाऱ्या कंपनीनं हात वर केले होते. उरला होता तो फक्त छापील कागद. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, घड्या घातलेला, चारशेच्या आसपास पानं. काकाजी चूक शोधायचे, ती सुधारणारे आकडे थेट यंत्राच्या डिस्कवर घालायचे, आणि काय केलं ते एका चिठ्ठीवर लिहून कागदावर त्या जागी चिकटवायचे. चिठ्ठीच्या डाव्या कडेला जागेचा आकडा, पुढे एक-दोन ओळी मराठीत. गोळीबंद अक्षर. चिठ्ठ्यांमुळे तो गठ्ठा इतका फुगला होता की काकाजींनी तो तलाठ्याच्या बस्त्यासारखा लाल कापडात बांधून ठेवला होता.

आणि चिकटवायला भाताची खळ. स्टोअरमधून गोंदाची बाटली मागवायची तर मागणीचा इंडेंट भरा, सही आणा, महिनाभर थांबा, आणि मग जी बाटली येईल ती आत वाळलेली. कॅन्टीनमध्ये भात मात्र रोज. दुपारच्या जेवणातली मूठभर शितं काकाजी कागदात बांधून आणायचे आणि पाण्याचा थेंब घालून वाटीत चुरायचे. आमच्या भागात पतंगापासून लग्नपत्रिकेच्या पाकिटापर्यंत सगळं भातानंच चिकटवतात. यात काही वावगं आहे असं कोणाच्याही मनात आलं नाही. माझ्याही नाही.

मग नागपूरहून नवे साहेब आले. इंजिनिअर, वय तिशीच्या आत, रेल्वेनं भंडारा रोडपर्यंत आणि तिथून कंपनीच्या जीपनं. हुशार होते, आणि आपण हुशार आहोत हे त्यांना माहीत होतं, पण त्याचा त्रास ते फार देत नसत. महिनाभर त्यांनी बस्ता चाळला आणि एक दिवस कॅन्टीनमध्ये डबा उघडता उघडता म्हणाले, "काकाजी, हे सगळं पुन्हा लिहावं लागेल."

काकाजींनी घास खाली ठेवला. "काहून?"

"ढाचाच चुकला आहे. कुलपं लावायची पद्धतच चुकीची आहे. तुम्ही एक चूक काढता, तर तिच्यातून दुसरी निघते. किती चिठ्ठ्या झाल्या?"

"मोजल्या नाई. पण साहेब, सीझनमंदी चालती मिल कोणी खोलून ठेवते का? जेथं खडखडते तेथं पाहाचं, तेथं बसवाचं. बाकीच्याले हात कायले लावाचा?"

"पण रोज खडखडत असेल तर?"

"रोज कोठं? दोन दिवसाआड."

यावर मी हसले आणि दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. तिथून पुढे रोज दुपारी हा वाद. साहेब म्हणायचे, घर पडायला आलंय तर नुसतं छपरावरचे कवेलू फिरवून काय होणार. काकाजी म्हणायचे, नवीन घरात नवीन भोकं असतील, आणि ती कोठं आहेत हे कोणालेच माहीत नसेल. जुन्यातली तरी मले तोंडपाठ हायेत. साहेबांचं ऐकताना मला वाटायचं, हेच खरं. काकाजी बोलायला लागले की वाटायचं, छे, हे खरं. मी दोघांच्याही बोलण्यावर मान डोलवायची. एकदा साहेबांनी चिडून विचारलं, "तुम्ही नेमक्या कोणाच्या बाजूच्या?" मी म्हटलं, "मला थोडा वेळ द्या." तो वेळ मी अजून घेतेच आहे.

भट्ट्या वर्षातून एकदाच पंधरा दिवस थंड करत. दिवाळीनंतर. कर्नेल बदलायचा तर तेव्हाच बदलता येणार होता. त्याआधी कारखान्याच्या मोठ्या साहेबांपुढे मीटिंग होऊन काय ते ठरणार होतं.

त्या वर्षी पावसाळा भारी लागला. काकाजी आठ दिवस रजेवर गेले, कारण त्यांच्या भावाकडे तलावाखालच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाचं रोवणं होतं, आणि रोवण्याच्या दिवसांत घरचा माणूस नोकरीचं कारण सांगत नाही. एका दुपारी मी कपाट उघडलं तर बस्त्याच्या कापडातून कागदाचा भुगा सांडला. कसर लागली होती. ओलीनं खळ सुटली होती, आणि जी सुटली नव्हती ती कसरीनं खाल्ली होती. तिनं छापील कागदाला फारसं तोंड लावलं नव्हतं, खळ जिथे जिथे होती तिथेच नेमकं खाल्लं होतं. सात चिठ्ठ्या निखळून तळाशी पडल्या होत्या.

मी लगेच कॅन्टीनमधून भात आणला. काकाजी येण्याआधी सगळं नीट करून ठेवावं, त्यांना बरं वाटेल, असा माझा हेतू होता. सहा चिठ्ठ्यांवर जागेचा आकडा शाबूत होता. त्या पटापट लागल्या. सातवीची डावी कड नव्हती. आकडा त्या कडेबरोबरच गेला होता. उरलं होतं ते एवढंच: 'आधी कुलूप उघडावे, मग रांगेत घालावे.'

मी पानं उलटत बसले. भट्टीचे आकडे रांगेत घालणारा एक तुकडा सापडला, आठ ओळींचा, त्यात कुलूपही होतं आणि रांगही होती. चिठ्ठी तिथे शोभून दिसत होती. असाच दिसणारा आणखी एखादा तुकडा दुसरीकडे असेल का, हा विचार मनात आला होता. नाही असं म्हणणार नाही. पण चारशे पानं होती, शेवटची गाडी चुकवायची नव्हती, आणि काकाजी आल्यावर विचारून घेऊ असं मी स्वतःला सांगितलं. खळ लावली, बोटानं दाबली, बस्ता बांधला.

काकाजी परतले ते चिखलानं भेगाळलेले पाय घेऊन, खुशीत. सगळ्यांना रोवण्याच्या गोष्टी सांगत होते. मी चिठ्ठीचं विसरले. मी विसरले, यापलीकडे माझ्याकडे काही सबब नाही.

मीटिंगच्या दिवशी टेबलावर बस्ता उघडून ठेवला होता. एका बाजूला साहेब, एका बाजूला काकाजी, मध्ये मोठे साहेब, आणि भिंतीकडे वही घेऊन मी. मोठे साहेब बाहेरून आलेले, मराठी कळायची पण हिंदीत बोलायचे. त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, म्हणजे लवकर आटपा.

आणि साहेब म्हणाले, "सर, माझं मत बदललं आहे."

मी वहीतून मान वर केली.

"गेले तीन महिने मी या चिठ्ठ्या वाचतोय," ते म्हणाले. "प्रत्येक चिठ्ठीमागे काहीतरी घडलेलं आहे. मी नवीन लिहायला बसलो, तर यातल्या अर्ध्या गोष्टी मला सुचणारही नाहीत. ढाचा वाईट आहे, ते मी आजही म्हणतो. पण या हातानं तो सांभाळलाय. मला वाटते, दुरुस्तीच करत राहावं." असं म्हणून एखादी चांगली चिठ्ठी दाखवावी म्हणून त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली.

काकाजींचा चेहरा उजळला होता. ते पुढे झुकून पानांकडे पाहत होते. मग एका पानावर त्यांनी हात ठेवला. साहेब थांबले. काकाजींनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. वरच्या आठ ओळी बोटानं वाचल्या, खालच्या वाचल्या, आणि बोट तिथेच राहिलं.

ती सातवी चिठ्ठी होती.

भट्टीच्या तुकड्यात कुलूप आधी उघडलं, तर एक आकडा रांगेत बसण्याआधीच दुसरा त्याच जागेवर येऊन बसू शकतो. पहिला पुसला जातो. भट्टी तापलेली असते आणि कागदावर थंड दिसते. अशा कागदाच्या भरवशावर भट्टीजवळ माणसं उभी राहतात. हे मला तेव्हा कळलं नाही. काकाजींना एका क्षणात कळलं.

"हे... इथं कसं?" साहेबही आता वाचत होते. "काकाजी, हे बरोबर नाही वाटत. मशीन थांबवून आतले आकडे पाहू या का? खरंच घातलं आहे की नुसतं लिहिलं आहे?"

"कायले?" काकाजी म्हणाले. "अक्षर माहं हाये ना."

"पाहायला काय जाते?"

"साहेब, मी जे लिवलं ते घातलं. न घालता चिठ्ठी कवाच नाई लावली." मग ते मोठ्या साहेबांकडे वळले. "नवीनच लिवा साहेब. जुनं फेका. मह्या हातानं हे असं झालं, तं बाकीच्याचा काय भरोसा? तेथं माणसं उभी राह्यतात."

"नाही, नाही," साहेब म्हणाले, "एका चिठ्ठीवरून असं नका करू. दुरुस्ती करता येईल."

"नाई. ढाचाच चुकला हाये."

मोठे साहेब एकाकडून दुसऱ्याकडे पाहत राहिले. "अरे भाई, मुझे तो बताया था कि आप पुराना चाहते हो और ये नया चाहते हैं. पहले आप दोनों तय कर लो कि कौन किस तरफ है."

कोणी हसलं नाही. माझ्या हातात पेन होतं आणि वहीवर मी काय लिहीत होते कोण जाणे. ती चिठ्ठी मी लावली हे मला आठवत होतं. ती तिथलीच होती की नाही, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. कदाचित ती तिथलीच असेल. काकाजी स्वतः म्हणताहेत, अक्षर माझं, चूक माझी; आणि मी, जिला डावं-उजवं कळत नाही, तिनं उठून काय सांगायचं? की मी अंदाजानं लावली, पण बरोबर असेल, पण चूकही असेल? तोंड उघडलं आणि मिटलं. तोवर मोठ्या साहेबांनी घड्याळ मनगटावर बांधलं होतं. नवीन लिहायचं ठरलं.

साहेबांनी नवा कर्नेल लिहिला. मनातून घाबरले होते, पण लिहिला. त्यांच्या वह्यांवरून मी तो टाइप केला. काकाजींनी कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि दोन वर्षं बाकी असताना निवृत्तीचा अर्ज दिला. भट्ट्या थंड झाल्या तेव्हा जुनी डिस्क पुसून तिच्यावरच नवा कर्नेल चढवला, कारण दुसरी डिस्क नव्हती. पहिले पंधरा दिवस त्यानं आम्हाला नाचवलं. मग तो चालायला लागला, आणि मग उभा राहिलाच नाही. एकदाही नाही. आठवडे गेले. भट्टीकडे वही घेऊन पळायचं काम संपलं.

आता यात आनंद मानायचा की नाही, हेही मला कळेना. साहेब आधी बरोबर होते आणि मग मत बदलून चुकले. काकाजी आधी चुकले होते आणि मत बदलून बरोबर ठरले. आणि त्यांनी मत बदललं ते कदाचित माझ्या अंदाजामुळे. मी रोज गाडीत बसून हा हिशेब लावायची आणि भंडारा येईपर्यंत तो दोनदा उलटायचा.

कॅन्टीनमधला आचारी तुमसरचाच होता. एकदा भात वाढता वाढता म्हणाला, "मिस्त्री आता कायलेच हात नाई लावत, मालूम हाये का? मिलवाल्यानं मोटर पाहाले बलावलं तं म्हणे, माहा हात आता भरोशाचा नाई. घरचा टेबलफॅन बंद हाये तं बायकोनं दुसऱ्याजवळून बनवून आणला."

स्क्रू पिळल्यावर पुन्हा न पाहणारा माणूस.

त्याच आठवड्यात जुने कागद रद्दीत काढायचा हुकूम आला. मी बस्ता सोडला आणि या वेळी पहिल्या पानापासून बसले. दोन दिवस लागले. छपाई यंत्राच्या भागात, जिथे कागद रांगेत जातात, तसाच एक आठ ओळींचा तुकडा होता. जवळजवळ जुळा. त्याच्या शेजारी पिवळट डाग, आणि डागाच्या डाव्या बाजूला नखाएवढ्या रुंदीची कागदाची पट्टी अजून चिकटलेली. तिच्यावर काकाजींच्या अक्षरात जागेचा आकडा. पट्टीची उजवी कड कसरीनं खाऊन करवतीसारखी केली होती.

चिठ्ठी चिकटलेलं भट्टीचं पान आणून शेजारी धरायची गरज नव्हती. तरी चिठ्ठीच्या कडेशी घडी घालून धरलं. दात दातात बसले. छपाईच्या तुकड्यात कुलूप आधी उघडायलाच हवं होतं, नाहीतर यंत्र जागं होऊन तेच कुलूप मागणार आणि दोघं एकमेकांची वाट पाहत बसणार. काकाजींनी बरोबर तेच केलं होतं. मला रडू आलं, आणि रडताना पहिला विचार आला तो असा की, जुनी डिस्क पुसली आहे, आता हे कोणालाच कळणार नाही. लाज वाटावी असाच तो विचार होता. लाज वाटलीही.

रविवारी दोन्ही पानं एका फायलीत घालून मी तुमसरला गेले. दुपारचे बारा वाजले असतील. काकाजी खाटेवर बसले होते. वाळले होते. "ये बाई," म्हणाले, "मशीन कशी हाये?" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता आत हाक मारली, "लाखनीवाली आली, पाणी आण." मग उठून दार लोटलं, खाटेपर्यंत आले, परत गेले, आणि ते लोटलं आहे की नाही हे हातानं पाहून आले.

ते पाहिल्यावर मी काहीच प्रास्ताविक केलं नाही. "काकाजी, ते चिठ्ठी मी लावली होती. तुमी रोवण्याले गेले होते तवा. खाली पडली होती, आकड्याची कड कसरीनं खाल्ली होती. मी अंदाजानं लावली."

काकाजी हसले, समजूत काढल्यासारखं. "मले बरं वाटावं म्हणून सांगून राह्यली."

"नाई काकाजी."

"तू चांगली पोरगी हायेस. पण अक्षर माहं होतं."

"अक्षर तुमचंच हाये. जागा माही हाये." मी फाईल उघडून दोन्ही पानं खाटेवर ठेवली.

काकू पाणी घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. काकाजींनी चष्मा लावला. बोट पाण्यात बुडवून भट्टीच्या पानावरच्या चिठ्ठीच्या कडेला फिरवलं. पुन्हा पाणी, पुन्हा बोट. माझी खळ घट्ट निघाली. चिठ्ठी सुटायला बराच वेळ लागला. मग ती तळव्यावर घेऊन त्यांनी दुसऱ्या पानावर, त्या पट्टीला टेकवली. दात दातात बसले. मागच्या-पुढच्या ओळी त्यांनी वाचल्या, ओठ हलवत.

"छपाईची होती," ते म्हणाले.

"हो."

"मंग मी बरोबर होतो."

"हो काकाजी."

"मीटिंगमंदी काहून नाई बोलली?"

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "मले समजतच नव्हतं. मले वाटलं तुमीच बरोबर असान. चूक हाये म्हणता तं चूकच असंन."

काकूंनी पाण्याचा गिलास माझ्यापुढे ठेवला. मग काकाजींनी विचारलं, "नवीन मशीन उभी राह्यते का?"

खोटं सांगावंसं फार वाटलं. "नाई. एकडाव बी नाई."

"हं," ते म्हणाले. साहेब खरे ठरले, की मीच खरा, की दोघंही, असं ते मला विचारतील असं वाटलं आणि मी घाबरून बसले. पण त्यांनी विचारलं नाही. काकूंना म्हणाले, "भात झाला का?"

"झाला, वाढू का?"

"नाई, दोन शितं आण."

काकूंनी बशीत चमचाभर भात आणला. काकाजींनी त्यातलं एक शीत घेतलं, दोन बोटांत चुरलं, चिठ्ठीच्या मागे कडेनं लावलं, आणि चिठ्ठी पट्टीला जुळवून त्या पानावर बसवली. अंगठ्यानं दाबली. ज्या यंत्रासाठी ती लिहिली होती त्यातून ते सगळं केव्हाच पुसलं गेलं होतं, आणि ते पान आठवड्याभरात रद्दीत जाणार होतं. दोन्ही गोष्टी त्यांना माहीत होत्या. त्यांनी हात काढला आणि पुन्हा दाबून पाहिलं नाही.

"वाळू दे," म्हणाले. "तवरिक जेवून घे. मंग हे पान नेऊन जागच्या जागी ठेव."

मी जेवले. निघताना पाठीमागून ऐकू आलं, ते काकूंना विचारत होते, "माही पेटी कोठं ठेवलीस? पक्कड, पेचकस होते ते?"

ते पान मी बस्त्यात त्याच्या जागी घातलं. आधीचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं, आकडे लावून पाहिले. बस्ता रद्दीत दिला नाही. तो अजून माझ्याकडे आहे.